बुरखाधाऱ्यांची काटकसर

‘रँडी राइड्स अलोन’ (1934) सुरू होतो तेव्हा जॉन वेन घोड्यावरून एका आडवाटेच्या गुत्त्यापाशी येऊन उतरतो. आतून पियानो ऐकू येतोय. दार लोटून तो आत जातो, तर गल्ल्यापाशी, टेबलांवर, जमिनीवर प्रेतंच प्रेतं. पियानो चावीचा, आपला आपणच वाजतोय. भिंतीवरच्या तसबिरीत डोळ्यांच्या जागी भोकं आहेत आणि त्यांतून कुणीतरी बघतंय. एवढ्यात शेरीफ येतो आणि जिवंत सापडलेला एकटाच माणूस म्हणून वेनलाच पकडून नेतो.

सगळा सिनेमा 53 मिनिटांचा. फुटांत मोजायचा तर पाच हजारांच्या आत. मी चित्रपटाचा इतिहास शिकवतो, राहतो जालन्यात. ‘त्यात काय शिकण्यासारखं आहे?’ असं कुणी या देमारपटांबद्दल विचारलं, की मी त्याला हा पहिला प्रसंग दाखवतो. एकच खोली, एक नट, थोडे निपचित पडलेले लोक आणि एक वाद्य. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे लिहिण्याचाही खर्च नाही. तरी माणूस जागचा हलत नाही.

हे चित्रपट काढणाऱ्या ‘लोन स्टार’ या संस्थेनं 1933 ते 1935 या काळात वेनला घेऊन सोळा चित्रपट केले. ‘मोनोग्राम’ ते वितरित करी. एका चित्रपटाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर सांगितला जातो. त्याच सुमाराच्या ‘किंगकाँग’ला सहा लाखांवर डॉलर लागले होते. 1930चा ‘द बिग ट्रेल’ आपटल्यामुळे वेन मोठ्या चित्रपटांच्या दारातून बाहेर पडला होता आणि 1939च्या ‘स्टेजकोच’पर्यंत त्याची रोजी-रोटी अशाच चित्रपटांवर चालली.

आता प्रश्न असा, की गोळीबार आणि घोडदौड एवढ्यावर भागत असताना या लोकांनी त्यात रहस्य का घुसडलं? भुताटकीच्या खाणी, भुयारं, अदृश्य सूत्रधार यांची गरजच काय होती? मला वाटतं, याचं उत्तर कथेत नसून हिशोबाच्या वहीत आहे. तोंड झाकलेला माणूस स्वस्त पडतो.

‘हाँटेड गोल्ड’ (1932) घ्या. वॉर्नर बंधूंनी देमारपटांतला नट केन मेनार्ड याच्या जुन्या मूकपटांतली घोडदौडीची, कडेकपारीची दृश्यं कापून घेतली आणि तीच नव्या बोलपटात डकवली. वेनला मेनार्डसारखे कपडे घातले, म्हणजे लांबून फरक कळू नये. काळोखी खाण, लांब सावल्या आणि ‘फँटम’ नावाचा झाकलेला माणूस असला, की जोड आणखीच लपते. मालिकापटांत तर याहून पुढची चलाखी चाले. बारा भाग बुरखा घालून धावतो एक नट, आणि शेवटी बुरखा काढल्यावर निघतो दुसराच. प्रेक्षकाला फसवल्याबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण फसण्यासाठीच तर तिकीट काढलेलं.

दुसरा फायदा आवाजाचा. बोलपट नवा होता, ध्वनिमुद्रण अवघड आणि खर्चिक होतं. ‘द स्टार पॅकर’मध्ये (1934) ‘शॅडो’ नावाचा खलनायक भिंतीतल्या खोट्या तिजोरीआडून हुकूम सोडतो. समोर गुंड उभे, तिजोरीतून नुसता आवाज. चेहरा नाही, ओठ नाहीत, जुळवाजुळवीची भानगड नाही. ‘रँडी’मध्ये तर याच्या उलट गंमत आहे. तिथला खलनायक मुक्याचं सोंग घेऊन वावरतो आणि चिठ्ठ्या लिहून बोलतो. दोन्हीकडे खलनायक एकच नट, जॉर्ज हेज. चित्रपट म्हणून ‘स्टार पॅकर’ कच्चाच आहे, त्याची कथा दोनदा पाहूनही नीट बसत नाही. पण ती तिजोरी विसरता येत नाही. या चित्रपटांत पार्श्वसंगीतही जवळजवळ नसायचं. टापांचा आवाज, मग शांतता, मग गोळी. पैसे वाचवायला ठेवलेली ही शांतता रहस्याला फार मानवली.

वेनच्या जागी घोड्यावरून उडी मारायचा तो याकिमा कॅनट. ठोसा हनुवटीजवळून नुसताच जावा आणि कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो लागल्यासारखा दिसावा, ही युक्ती वेन आणि कॅनट यांनी याच चित्रपटांत घोटली. पुढे ‘बेन-हर’ची रथांची शर्यत उभी करणारा हाच कॅनट.

आपल्याकडे काय चाललं होतं? मास्टर विठ्ठल हे नाव आज मराठी माणसालाही सांगावं लागतं, याची मला चीड येते. कोल्हापुरातून, महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला हा गडी शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत तलवार चालवून ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ ठरला. ‘आलम आरा’चा (1931) नायक तोच. पण आता बोलायचं होतं, आणि तेही उर्दूत. मग बऱ्याच दृश्यांत त्याला गुंगीत असल्यासारखंच दाखवलं गेलं. चित्रीकरण बरंचसं रात्री चाले, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात. घोड्यावर बसणाऱ्या नायकांना बोलपटानं कसं खाली उतरवलं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

त्यांना परत खोगिरावर बसवलं ते परळच्या वाडिया मूव्हीटोननं, आणि बसवली ती बाई. ‘हंटरवाली’तली (1935) राजकन्या माधुरी डोळ्यांवर पट्टी बांधून गरिबांसाठी लढते. तिची भूमिका नादियानं केली. ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी एव्हान्स. इथे मात्र माझा काटकसरीचा सिद्धान्त उलटा होतो. हॉलिवूडमध्ये बुरखा बदली माणूस लपवायचा. नादिया स्वतःच उड्या मारायची, म्हणजे लपवायला काही नव्हतंच. सोनेरी केसांची ती धिप्पाड बाई पट्टी बांधली तरी ओळखू येते, असं म्हणणारा राजवाड्यात एकही शहाणा नव्हता, एवढंच.

खरा रहस्यपट ‘मिस फ्रंटियर मेल’ (1936), दिग्दर्शक होमी वाडिया. स्टेशनमास्तर बापावर खुनाचा आळ येतो. ‘सिग्नल एक्स’ नावाचा बुरखाधारी, विमान कंपनीच्या फायद्यासाठी, रेल्वेचा धंदा बुडवायला निघालेला. घोड्याऐवजी आगगाडी, गुत्त्याऐवजी फलाट, बाकी सगळा मालमसाला तोच, आणि नादियाची मारामारी चालत्या गाडीच्या टपावर. सिग्नल एक्स कोण, हे सांगत नाही, पाहून घ्या. जे. बी. एच. वाडिया हे एम.ए., एल.एल.बी. झालेले गृहस्थ, फेअरबँक्सचे आणि अमेरिकन मालिकापटांचे भक्त. त्यांनी उसना आराखडा घेतला, पण त्यात गाणी, विनोद, कुत्रा, मोटार सगळं भरलं. 53 मिनिटांत घरी जाणारा प्रेक्षक आपल्याकडे नव्हताच.

आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग 1900च्या सुमारास इथून गेला. शाळा-कचेऱ्यांतली भाषा उर्दू. त्यामुळे मुंबईच्या हिंदुस्थानी बोलपटांतली ‘खबरदार’, ‘गद्दार’ ही भाषा इथल्या माणसाला परकी नव्हती. पुण्याच्या समीक्षकानं नाक मुरडलं तरी मराठवाड्याला या चित्रपटांचं वावडं असण्याचं कारण नव्हतं. पुढे छापील पानांवर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आले. हजारावर रहस्यकथांचा तो संसार वाचनालयांतून गावोगाव गेला, आणि बुरखाधारी मराठी बोलू लागला.

लोन स्टारच्या बहुतेक चित्रपटांचे हक्क केव्हाच संपले. त्यामुळे खराब का होईना, त्यांच्या प्रती आज कुणालाही फुकट पाहता येतात. आपलं नशीब तसं नाही. आपले त्या काळातले कितीतरी चित्रपट नायट्रेट फिल्मवर होते. ती जळते, आणि नाही जळली तर कुजून भुकटी होते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा गेला. पी. के. नायर यांनी आयुष्य घालून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे जमवलं, त्याच्याबाहेरचं पुष्कळसं रद्दीत आणि भंगारात गेलं. जालना सळईच्या कारखान्यांचं गाव आहे, इथल्या भट्ट्यांना भंगार कधी पुरत नाही.

म्हणून विनंती. आजोबांचा तंबूचा सिनेमा होता, वितरणाचा धंदा होता किंवा गावातलं टॉकीज होतं, अशा घरांत माळ्यावर गोल पत्र्याचे डबे असतील, जाहिरातींचे कागद, गाण्यांच्या चोपड्या असतील. डबे उन्हात ठेवू नका, जवळ काडी ओढू नका, रिळं उलगडून पाहू नका. भंगारवाल्याला बोलावण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाका.