विमानतळावरचा आलूबोंडा

आमचं हुडकेश्वर नागपूरच्या दक्षिणेला. सोनेगावच्या विमानतळाकडे जाणारी विमानं आम्ही गच्चीवरून बघतो. पण विमानात बसण्याचा योग आला तो एका लग्नामुळे. मुंबईला गेलो होतो मी, माझी आई आणि चौथीत शिकणारा माझा छोटू.

परतताना मुंबई विमानतळाच्या दोन नंबरच्या टर्मिनलवर आलो. २०१४ साली सुरू झालेली ही चार मजली इमारत. मान वर केली, तर छतावर मोरपिसांसारखी नक्षी! तपासणी झाली, तरी विमानाला दोन तास होते. छोटूला लागली भूक. "आई, बर्गर!"

दुकानात बर्गर होताच, पण पाटीवर वडापावही होता. "आपण मुंबईचा बर्गर खाऊ," मी म्हटलं. किंमत बघून मात्र पोटात गोळाच आला! तेवढ्या पैशांत बाहेरच्या गाडीवर आम्हां तिघांचंही पोट भरलं असतं. विमानतळावर जागेचं भाडं फार, शिवाय आत येणारा मालही तपासून घ्यावा लागतो. मग भाव चढणारच ना! मी एकच घेतला.

आजीने पाव उघडून बघितला. "अरे बाप्पा, हा तं आपला आलूबोंडाच!"

खरंच की! आपण नागपूरकर म्हणतो आलू, मुंबईकर म्हणतात बटाटा. आपण बोंड्यावर तर्री ओततो, ते लसणाची चटणी लावून पावात घालतात. आता गंमत ऐका. 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. 'बर्गर' हे नाव आलं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. वडापाव मात्र अस्सल मुंबईचा! १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणी कामगारांना घाईत, उभ्या उभ्या खाता येईल असं स्वस्त खाणं हवं होतं. तोच वडापाव आता काचेच्या कपाटात बसला होता!

एका वडापावात तिघांचं काय होणार? छोटू म्हणाला, "आजी, तुझ्या पिशवीत पुऱ्या आहेत ना?"

आजीने पिशवी जवळ ओढली. "राहू दे रे. लोक हसतील."

मी खाली मान घातली. कारण सकाळी मीच तिला बजावलं होतं, "तिथे डबा काढू नकोस हं, बरं दिसत नाही."

छोटू माझ्याकडे बघत म्हणाला, "पण आई, शाळेत तर तू सांगतेस, कुणाच्याही डब्याला हसायचं नाही!"

काय बोलणार? मीच पिशवीतून डबा काढला. घरचा कोरडा खाऊ तपासणीतून आत नेता येतो, बरं का. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि वडापावाचे तीन तुकडे, अशी आमची अंगतपंगत झाली. कुणी हसलं का? छे! जो तो आपापल्या विमानाच्या घाईत होता.

आता एक काम करा. उद्या डबा उघडाल, तेव्हा त्यातला एकेक पदार्थ मूळचा कुठला, ते शोधा. आणि आईने डबा दिला, तर तो न लाजता उघडा. मला हे जरा उशिरा कळलं!