खोट्या नाण्याचे नगर

अद्भुत कथांतील नगरांत पैशाची वाण म्हणून कधी पडत नाही. राक्षसाच्या गुहेत सुवर्णमुद्रांच्या राशी असतात, राजा प्रसन्न झाला की थैली फेकतो, आणि नायक ती थैली खाणावळीच्या मालकापुढे आपटून जेवण मागतो. ती मुद्रा कोणत्या टांकसाळीत पडली, तिच्यात सोने किती, आणि त्या मालकाने ती दगडावर वाजवून का घेतली नाही, हे प्रश्न कथाकारास सुचत नाहीत. तलवारीच्या धारेवर तो चार पाने खर्च करील. नाण्याची कड मात्र त्याने बोटाने कधी चाचपलेली नसते. आम्हांस ही उणीव फार दिवसांपासून खटकत आली आहे.

आमच्या घरची तरुण मंडळी हल्ली एका बैठ्या खेळाच्या नादी लागली आहेत. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचा जो खेळ निघाला, त्याच्याच वंशातला हा. एकाने सूत्रधार होऊन कल्पनेतील नगर उभे करावयाचे, आणि बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक होऊन फाशांच्या दानाप्रमाणे त्यात वावरावयाचे. सूत्रधारापुढे पहिला पेच हा की, या भटक्या मंडळीस साहसाला प्रवृत्त करावे कसे? राजकन्येच्या हरणाचा आता सर्वांसच वीट आला आहे. पुतण्याने आम्हांस विचारले, “काका, तुम्ही काही सुचवा.” आम्ही म्हटले, “त्यांच्या पहिल्या कामगिरीची मजुरी खोट्या नाण्यांत दे.”

याचे कारण असे. राक्षस आपल्या गुहेत बसून असतो. खोटे नाणे घरोघर जाते. भाजीवालीकडून ते सावकाराकडे, तेथून देवळाच्या पेटीत, तेथून शिपायाच्या पगारात. त्याचा माग उलटा काढू लागले म्हणजे नगराची एकही गल्ली, एकही जात, एकही धंदा पाहावयाचा राहत नाही. शिवाय ज्याच्या हाती ते सापडते तोच पहिला संशयित. म्हणजे शोध करणारे वीरच प्रथम कोतवालीत! नाणी एकाच छापाची असली पाहिजेत असेही नाही. पेशवाईत चांदवडी, अंकुशी अशा अनेक रुपयांची चलती होती, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ घालताना सराफ बट्टा कापून घेत. अशा पेठेत शंभर रुपये म्हणजे नक्की किती, हेच आधी भांडून ठरवावे लागते.

पण या विषयातील खरे नगर पाहावयाचे तर ते लंडन. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जुनी, हातोड्याने ठोकलेली चांदीची नाणी कडेने कातरून कातरून झिजून गेली होती. १६६० नंतरच्या दशकात यंत्राने पाडलेली, कडेवर अक्षरे कोरलेली नवी नाणी निघाली खरी. पण ती लोक पुरून ठेवीत वा वितळवीत, आणि कातरलेली तेवढी बाजारात हिंडत. १६९६ साली सरकारने जुनी नाणी मोडून नवी पाडण्याचे मनावर घेतले, आणि त्याच वर्षी टांकसाळीचा वॉर्डन म्हणून आला तो आयझॅक न्यूटन. ग्रहांच्या गतीचे गणित मांडणारा हा पुरुष दारूचे गुत्ते आणि तुरुंग यांतून साक्षी जमवीत हिंडला, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही त्याला हसलो असतो.

त्याचा प्रतिस्पर्धीही तोलामोलाचा होता. विल्यम चॅलोनर हा मूळचा बर्मिंगहॅमच्या खिळे करणाराकडचा उमेदवार. खोटी नाणी पाडून तो श्रीमंत झाला, आणि टांकसाळीचा कारभार कसा गलथान आहे व आपल्या युक्तीने खोटी नाणी कशी बंद पडतील, हे थेट पार्लमेंटपुढे सांगण्यापर्यंत त्याची मजल गेली! त्यास टांकसाळीत पाऊल हवे होते. न्यूटनने ते ठेवू दिले नाही. अखेर साथीदारांच्या साक्षींवर राजद्रोहाचा गुन्हा शाबीत होऊन मार्च १६९९ मध्ये तो फाशी गेला. न्यूटनकडे त्याने पाठविलेल्या दयेच्या याचनेचा उपयोग झाला नाही.

येथवर ही कथा वीरांची आहे. आम्हांस अधिक विचारात पाडते ती तिची दुसरी बाजू. मे १६९६ मध्ये कातरलेले नाणे रोजच्या व्यवहारातून बाद झाले. ज्यांस कर भरावयाचे होते वा सरकारास कर्ज द्यावयाचे होते, त्यांची जुनी नाणी सरकारने पुऱ्या किमतीने घेतली. म्हणजे सधनांची सुटका झाली. मजुराजवळ जी चार नाणी होती ती तशीच राहिली, आणि नवी पुरेशी पडली नसल्याने त्या उन्हाळ्यात सुट्या पैशाची भयंकर टंचाई झाली. खर्च भरून काढण्यासाठी घराच्या खिडक्यांवर कर बसला तो वेगळाच. नाणे खोटे आहे हे सर्वांस ठाऊक होते, तरी ते चालत होते. ते खोटे असे जाहीर होताच गरिबाची शिदोरी गेली.

म्हणून पुतण्यास आम्ही आणखी एक पात्र सुचविले आहे. खोटी नाणी पाडणारा वीरांच्या हाती लागण्याच्या आदल्या रात्री त्यांस एका म्हाताऱ्या धोबिणीच्या घरी उतरवावे. तिने नातीच्या लग्नासाठी वीस वर्षे मडक्यात नाणी साठविली आहेत. ती मोठ्या विश्वासाने मडके त्यांच्यापुढे ओतते आणि म्हणते, “बाबांनो, तुम्ही शिकलेले, एवढी मोजून द्या.”