‘किरकोळ’ कोण?

आमच्या घरचा जमाखर्च लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते मी गणितात हुशार होतो म्हणून नव्हे. आईला लिहिता येत नव्हते आणि वडिलांना हिशेबाचा कंटाळा होता. ही गोष्ट १९८५ सालची. मी तेव्हा याच शाळेत आठवीत शिकत होतो. वडील खासबागेत दुसऱ्याच्या यंत्रमागावर साड्या विणीत. मजुरी साडीमागे ठरलेली आणि ती दर शनिवारी हाती पडे. माग नीट चालला तर आठवड्याला २०० रुपये. वीज गेली किंवा सूत आले नाही, तर ९० रुपयांवर समाधान मानावे लागे. पगारदाराच्या घरी पहिल्या तारखेला जी निश्चिंती असते, ती आमच्या वाट्यास कधी आली नाही.

दर जून महिन्यात वडील मालकाकडून उचल घेत. उचल म्हणजे पुढल्या मजुरीतून कापून द्यावयाची आगाऊ रक्कम. तिला व्याज नव्हते. पण ती फिटेपर्यंत तो माग सोडता येत नसे. पलीकडच्या कारखान्यात साडीमागे अधिक दर मिळतो हे ठाऊक असूनही वडिलांचे पाय बांधलेले होते. “काय करणार, अवचित खर्च आला,” असे ते दर वर्षी म्हणत, आणि आम्हां सर्वांना ते खरेच वाटे.

पुढल्या मे महिन्यात एका रात्री आईने मला वर्षाची वही मोठ्याने वाचावयास सांगितले. जूनमधील फी व वह्या-पुस्तके २८० रुपये, गणपती २००, दिवाळी ३५०, आईच्या माहेरची यात्रा १५०, पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणे १२०. ती बोटांवर मोजीत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “अरे, यांतले अवचित कोणते? पाऊस काय यंदाच पडतोय? शाळा काय यंदाच उघडते आहे?”

मी बेरीज केली. ११०० रुपये झाले. ५२ आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला २१ रुपये १५ पैसे. ज्या पाहुण्यांची येण्याची तिथी पंचांगात छापलेली असते, त्यांना दारात पाहून आम्ही दर वर्षी दचकत होतो!

“आणि काय राहिले?” आईने विचारले.

मी घुटमळलो. “किरकोळ, ४३६ रुपये.”

“हा किरकोळ कोण रे? आपल्या घरात एवढा खातो कोण?”

वडील हसले, मला हसता आले नाही. त्या शब्दाखाली वडिलांची तंबाखू होती, आईचे चार पैसे होते. परंतु भाड्याच्या सायकलीचे तास, पेरू आणि मित्रांबरोबर पाहिलेले दोन सिनेमेही होते. आईला वाचता येत नाही, या भरवशावर मी ते सारे त्या एका शब्दात दडविले होते. मी खाली मान घालून सायकलीचे कबूल केले. सिनेमांचे मात्र त्या रात्री तोंडून निघाले नाही. आई रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “उद्यापासून नाव लिहीत जा. जे असेल ते नाव.”

त्या आठवड्यापासून घराची रीत बदलली. मजुरी कितीही येवो, खर्च सव्वाशेत भागवावयाचा. चांगल्या आठवड्यात वर उरेल ते डब्यात, आणि नव्वदांच्या आठवड्यात त्याच डब्यातून काढावयाचे. शिवाय पिग्मीचे कार्ड घेतले. या पिग्मीचा उगम आपल्या भागापासून फार दूर नाही. उडुपीच्या एका बँकेने १९२८ साली रोज दोन आण्यांपासून, घरोघर माणूस पाठवून, ही ठेव सुरू केली. आमच्याकडे पिग्मीवाले काका संध्याकाळी येत. रोज दोन रुपये. “दोन रुपयांनी काय होणार?” असे वडील म्हणत. रविवार आणि सण वगळून वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी सहाशे होतात, हे मी त्यांना पाटीवर मांडून दाखविले. त्यांनी पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तंबाखू मळू लागले.

१९८७ च्या जूनमध्ये उचल निम्मीच घ्यावी लागली. परंतु त्या दिवाळीनंतर सूत महागले आणि सात आठवडे माग बहुधा बंदच राहिला. डबा रिता झाला. काका दारात येत तेव्हा आई ओशाळी होई. तरी तिने त्या दिवसांत आठ आणे का होईना भरले, कार्डावर रकाना कोरा राहू दिला नाही. पिग्मी मोडावी, असे वडील दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

(आता मोबाइलवरून क्षणात पैसे जातात आणि कोठे गेले त्याची यादीही आपोआप तयार होते. पण ती कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही. आमच्या घरी तो वाचनाचा भागच महत्त्वाचा होता.)

१९८८ साली मी एस. एस. एल. सी. उत्तीर्ण झालो. कॉलेजची फी पिग्मीतून भरली. त्याच आठवड्यात वडील मालकाकडे गेले, ते उचल मागावयास नव्हे, उरलेली फेडून निरोप घ्यावयास. परत येताना त्यांनी सोबत्यांना चहा पाजला. घरी येताच खुंटीला टोपी अडकवून मला म्हणाले, “लिही. चहा, चौघांचा. किरकोळ लिहू नकोस.”