कोरसमध्ये निवड झाली आहे



गणपती आटोपले की आपल्या ग्रुपांवर तो मेसेज फिरायला लागतो. ‘संगीत बालनाट्यासाठी ऑडिशन. वय ८ ते १५. एक गाणं पाठ करून यावं. मराठी वाचता येणं आवश्यक.’ आणि लगेच मला खासगीत प्रश्न सुरू होतात, कारण गेली तीन वर्षं ऑडिशनच्या दिवशी दाराबाहेरच्या टेबलावर मी बसते. फॉर्म भरून घ्यायचे, नंबर चिकटवायचे, पाणी द्यायचं, रडवेल्या पोरांना आणि कधी कधी त्यांच्या आयांना टिश्यू द्यायचा, एवढंच माझं खातं. निवड करणारे आत असतात. पण त्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येतं. म्हटलं, एकेकीला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं.

आधी तारखा, कारण त्यावरच निम्मी मुलं गळतात. प्रयोग शक्यतो जानेवारीत बसवतात. पुढे सीबीएसईच्या परीक्षा, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ चा तर फेब्रुवारीतच आला. म्हणजे हातात जेमतेम तेरा-चौदा शनिवार. जुनी मंडळी सांगतात की पूर्वी शुक्रवारची तालीम म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत, मधे कुणाच्या तरी घरचा मसालेभात. जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, शारजात शुक्रवारसुद्धा सुट्टीचा, त्यामुळे शारजाची मुलं मोकळी असतात तेव्हा दुबईची शाळेत. शनिवारी अल इत्तिहाद रोडवर तासभर अडकायची तयारी असेल तरच फॉर्म भरा. हे मी गमतीने लिहीत नाहीये. गेल्या वर्षी दोन गुणी पोरं केवळ ट्रॅफिकने गमावली.

स्टेज मिळणं हा वेगळाच विषय. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं डक्टॅक २०१८ मध्ये बंद झालं तेव्हापासून हौशी नाटकवाल्यांना परवडेल असा हॉल शोधत फिरावं लागतं, आणि तिकीट लावायचं तर सरकारी परवानगी आलीच. अबू धाबीत केरळा सोशल सेंटरमध्ये मल्याळी मंडळी भरत मुरलींच्या नावाने नाट्यमहोत्सव भरवतात, त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. असो.

आता गाण्याचं. आपली मुलं इथल्या शाळांतून ‘ॲनी’ करतात, ‘मटिल्डा’ करतात. इंग्रजी म्युझिकलच्या ऑडिशनची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मोबाइलवर ट्रॅक लावायचा, हसून नाव सांगायचं, मिनिटभर गायचं, ‘थँक यू’ म्हणून निघायचं. मराठीकडे आली की पहिल्याच प्रश्नाला अडतात. पेटीवाले काका विचारतात, “बाळा, तुझी पट्टी कुठली?” एका मुलाने दप्तरातून खरोखर फूटपट्टी काढून दाखवली होती! तर पट्टी घरूनच ठरवून पाठवा. नाट्यसंगीताची बहुतेक मुलं यूट्यूबवर ऐकून पाठ करतात, आणि ऐकतात ती रेकॉर्डिंग्ज बरेचदा पुरुषांची, काळी एक-दोनच्या आसपासची. दहा वर्षांच्या मुलीला ते फार खाली पडतं, ती बिचारी पुटपुटते आणि आपण म्हणतो घाबरली. काळी चार किंवा पाच लावून बघा, तोच गळा मोकळा होतो. तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर फॉर्मवर तसं लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, काका मग खालच्या पट्टीत ऐकून घेतात.

आणि कृपा करून ताना घोटून पाठवू नका. आत ताना कोणी मोजत नाही. काका मध्येच पेटी थांबवतात आणि पट्टी बदलून पुन्हा सुरू करतात. सूर सुटल्यावर पोराला तो परत सापडतो का, शेजारच्याचं ऐकून ते गातं का, एवढंच त्यांना बघायचं असतं. साधं बडबडगीत म्हणून निवड झालेली मुलं मी पाहिली आहेत. रागदारीची बंदिश घेऊन आलेली आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना हसणारी मुलं परत गेलेलीही पाहिली आहेत.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. ‘मराठी वाचता येणं आवश्यक.’ पालक सगळ्यात जास्त या ओळीला भितात. “समजतं हो सगळं, पण वाचत नाही,” हे वाक्य टेबलावर दर दहा मिनिटांनी येतं. माझ्या घरीही तेच. लेक बारा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. देवनागरी वाचते, पण बोट ठेवून, पहिलीच्या मुलासारखी.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात यावरून चांगली जुंपली होती. एक बाजू म्हणाली की संवाद रोमन लिपीत दिले तर मराठी कशाला, मग सरळ इंग्रजी नाटकच करू. दुसरी बाजू म्हणाली की वाचनाची परीक्षा ठेवली तर फक्त ज्यांची मुलं रविवारी मराठी शाळेत जातात तेवढीच येतील, आणि ज्यांना नाटकाची खरी गरज आहे ती दारातूनच परत जातील. मी दुसऱ्या बाजूची. ऑडिशनला कागद रोमनमध्ये मिळावा, असं माझं ठाम मत आहे. रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ सारखेच दिसतात, ‘न’ आणि ‘ण’ सारखेच दिसतात, हे मान्य. पण देवनागरी तरी सगळं कुठे सांगते? ‘चार’ मधला च आणि ‘चमचा’ मधला च एकाच अक्षराने लिहितो आपण. आपण राहतो ते जग आणि पाण्याचा जग कागदावर हुबेहूब एकसारखे. फरक कळतो तो कानाने, आणि इथल्या मुलांच्या कानावर दिवसभरात मराठी बोलणारी माणसं दोनच, आपण दोघं. तालमीत ती वीस होतात. शेवटी ठरलं की ऑडिशनला दोन्ही लिप्यांतले कागद ठेवायचे आणि तालमी सुरू झाल्या की हळूहळू देवनागरीवर यायचं. त्या वर्षी फॉर्म इतके वाढले की झेरॉक्स कमी पडल्या.

गेल्या वर्षी माझी लेक आत गेली. मी बाहेर टेबलावरच होते, नंबर सतरा. तिला मुख्य भूमिका हवी होती, हट्टाने हवी होती. इंग्रजी शाळेतल्या नाटकात तिला नेहमी मोठं काम मिळतं. आतून आवाज आला, गाणं स्वच्छ झालं. मग संवाद. “आभाळ खाली आलंय, कोणी बघितलं का?” तिच्या तोंडून ‘आभाल’ आलं. दिग्दर्शकांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा ‘आभाल’. तिसऱ्यांदा ती गप्पच झाली.

दोन दिवसांनी यादी आली. ‘कोरसमध्ये निवड झाली आहे.’

तुम्हाला सांगते, यादी लागल्यावर त्या दिग्दर्शकांचा फोन रात्री अकरापर्यंत वाजत होता. “आमच्या मुलाला इतकं छोटं काम?” “मग तालमीला आणायचं कशाला?” मी फोन केला नाही. एक तर मी टेबलावरची, मला ते शोभलं नसतं. दुसरं म्हणजे ‘आभाल’ मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. लेक मात्र दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “कोरस इज लाइक अ पार्टिसिपेशन सर्टिफिकेट.”

तुमच्या घरीही हे वाक्य येणार आहे, म्हणून मी तिच्याशी काय बोलले ते सांगते. तिला विचारलं, आपण ‘अलबत्या गलबत्या’ बघितलं, त्यात तुला कोण आठवतं? ती म्हणाली, चेटकीण. नाव अलबत्याचं, नाटक रत्नाकर मतकरींचं, पण पूर्वी दिलीप प्रभावळकरांची आणि नंतर वैभव मांगलेंची चेटकीणच सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. तिला ते पटलं नाही. म्हणाली, चेटकीण कोरस नाहीये. बरोबर आहे तिचं.

मग माझ्या बाबांनी, तिच्या आजोबांनी, सांगलीहून तिला ‘घाशीराम कोतवाल’चं सांगितलं. ते नाटक मुलांचं नाही, तिला दाखवायचा प्रश्नच नव्हता. पण १९७२ साली जब्बार पटेलांनी ते उभं केलं तेव्हा रंगमंचावर पडद्याच्या जागी माणसांची रांग होती. तीच गाते, तीच नाचते, तीच भिंत होते, पाठ फिरवली की काहीतरी लपवते, बाजूला सरली की काहीतरी उघडं पाडते. आजोबा म्हणाले, “अगं, त्या रांगेतला एक जण चुकला ना, तर नाना फडणवीस उघडा पडतो.” हे तिला आवडलं. भिंत व्हायला ती तयार झाली.

सांगली म्हटल्यावर नाटकाचा विषय निघणारच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते तिथेच, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचीच आठवण. बाबांनी त्या दिवशी नातीला खास व्हॉइस नोट पाठवली. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, पण व्हॉइस नोट जाते, आणि उच्चारांसाठी तीच जास्त उपयोगी हे आम्हाला हळूहळू कळलं. कॉलवर आजोबा विचारतात, जेवलीस का, अभ्यास झाला का, आणि संपलं. व्हॉइस नोट दहादा ऐकता येते. आजोबा एकेक ओळ सावकाश म्हणायचे, ती गाडीत परत परत लावून म्हणायची. ‘ळ’ साठी त्यांनी तिला जीभ वर वळवून मागे न्यायला आणि मग पुढे आपटायला सांगितलं. बाळ, काळा, गूळ, जांभूळ. अल इत्तिहाद रोडचा तो तास त्यात जायचा. कोरसला संवाद कमी असतात, पण गाणी सगळी असतात, आणि तालमीत इतरांचे संवाद ऐकून ऐकून कोरसच्या मुलांचं सगळं नाटक पाठ होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीच्या बाबांची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. व्हिसाचे दिवस मोजायचे, शाळेचा दाखला काढायचा, फर्निचर विकायला ठेवायचं. ती पोर शेवटच्या शनिवारी तालमीला आली, पूर्ण तालीम केली आणि जाताना आपली कागदांची फाइल दिग्दर्शकांच्या हातात देऊन गेली. आम्हा बायकांना बोलवेना. मुलं मात्र तिच्यासाठी खाली पार्किंगपर्यंत गात गेली.

प्रयोगाला पाच आठवडे होते. नवीन मुलगी आणून बसवायला वेळ नव्हता. दिग्दर्शकांनी कोरसला उभं केलं आणि विचारलं, तिचे संवाद कुणाला येतात? चौदा हात वर. मग भूमिका एकीला न देता त्यांनी तोडली. गाणी एका मोठ्या मुलीला दिली, संवाद कोरसमध्ये वाटले. माझ्या लेकीच्या वाट्याला चार वाक्यं आली. त्यातलं एक आभाळाचं होतं. तिने ते मागून घेतलं, असं नाच बसवणाऱ्या ताईंनी मला नंतर सांगितलं.

जानेवारीत प्रयोग झाला. ‘ळ’ आला. अगदी सांगलीचा नव्हे, थोडा जाडसर, पण आला. गेलेल्या मुलीला रेकॉर्डिंग पाठवलं, तिनेही लगेच उत्तर दिलं की दुसऱ्या गाण्यात सगळे घाईत होते. खरंच होते.

लेक घरी अजूनही इंग्रजीतच उत्तर देते. आजोबांना मात्र मराठीत व्हॉइस नोट पाठवते, दार लावून. मी ऐकत नाही.

यंदाच्या ऑडिशनसाठी मुलांना अर्धा तास आधी आणा, पोटभर खाऊन आणा, आणि गाण्याची पट्टी फॉर्मवर लिहा. दोन्ही लिप्यांतले कागद टेबलावर असतील. लेकीने यंदाही नाव दिलंय, आणि फॉर्मवर भूमिकेच्या रकान्यात तिने स्वतःच लिहिलंय: कोणतीही, पण गाणी सगळी.