कोडची मांडणी बिल्डवर सोपवताना

कोडची मांडणी म्हणजे ओळ कुठे मोडायची, किती स्पेस सोडायच्या, अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, यादी आडवी की उभी, याचे नियम. यातल्या बहुतेक नियमांनी प्रोग्रामच्या चालण्यात फरक पडत नाही. पडतो तो कोड वाचणाऱ्याला. हे नियम प्रत्येकाच्या सवयीवर सोडले की काय होते, याचा धडा प्रस्तुत लेखकाला एका नामांतराने दिला.

सप्टेंबर 2023मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे आणि त्याच नावाच्या तालुक्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. लेखक तेव्हा तुळजापूर तालुक्यातल्या गावी राहून पुण्यातल्या एका कंपनीचे काम करत होता. कंपनीच्या पायथन प्रकल्पात तालुक्यांच्या याद्या वर्णक्रमाने, आडव्या लिहिलेल्या होत्या. ‘उस्मानाबाद’ काढून ‘धाराशिव’ लिहायचे, आणि वर्णक्रमानुसार उमरग्याच्या शेजारून उचलून तुळजापूर आणि परंडा यांच्यामध्ये बसवायचे, एवढेच काम. फाइल सेव्ह करताना एडिटरने मात्र सगळ्या टॅबच्या स्पेस केल्या आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी झाली. त्या गर्दीत ‘धाराशिव’नंतरचा स्वल्पविराम राहून गेल्याचे लेखकालाही दिसले नाही आणि कोड तपासणाऱ्यालाही. लागोपाठ आलेल्या दोन स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम नसला तर पायथन त्या बिनतक्रार जोडून टाकते. परिणामी 8 तालुक्यांचे 7 झाले आणि यादीत ‘धाराशिवपरंडा’ नावाचा तालुका उगवला.

मांडणी माणसाकडून काढून साधनाकडे देणे, हा यावरचा उपाय. अशा साधनाला फॉरमॅटर म्हणतात. गो भाषेसोबत तो पहिल्यापासून येतो. जावास्क्रिप्टसाठी 2017 साली प्रिटियर आले, पायथनसाठी 2018 साली ब्लॅक. ब्लॅकमध्ये पर्याय मुद्दाम मोजके ठेवले आहेत. ओळीची मर्यादा सांगितली नाही तर ते 88 धरते. पर्यायच मोजके असल्याने अवतरणचिन्हांवरचे वाद आपोआप मिटतात. यादीतल्या शेवटच्या नावानंतरही स्वल्पविराम दिला, तर ब्लॅक ती यादी उभीच ठेवते. मग एक नाव हलवले तर डिफमध्ये एक ओळ गेलेली आणि एक आलेली, एवढेच दिसते. सुटलेला स्वल्पविराम तिथे सहज डोळ्यांत भरतो.

हा बदल क्रमाने करावा लागतो. आधी फॉरमॅटरची आवृत्ती पक्की करायची, कारण ब्लॅक वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत शैलीचे नियम बदलू शकते. मग सगळा कोड एकदाच फॉरमॅट करून त्याचा स्वतंत्र कमिट करायचा. त्यात दुसरा कोणताही बदल मिसळायचा नाही. एरवी कोणती ओळ कोणी लिहिली हे पाहताना सगळीकडे त्या कमिटचेच नाव दिसते. म्हणून त्याचा क्रमांक वगळायच्या कमिटच्या फाइलमध्ये नोंदवायचा; ही सोय गिटच्या 2.23 आवृत्तीत, 2019 साली आली.

त्यानंतर दोन पहारे बसवायचे. पहिला प्रत्येकाच्या मशीनवर: कमिट करण्याआधी चालणारा हुक. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते. एका स्पेसपायी सर्व्हरवरची बिल्ड लाल व्हायची, पुन्हा पुश करायचे आणि पुन्हा वाट पाहायची, हा हेलपाटा वाचतो. एकदा बसवलेल्या हुकला नेटवर्क लागत नाही. पण हुक टाळताही येतो, म्हणून दुसरा पहारा बिल्डमध्ये. तिथे फॉरमॅटरने फक्त तपासायचे आणि मांडणी चुकली असेल तर बिल्ड थांबवायची. सर्व्हरने परस्पर दुरुस्ती केली, तर तपासलेला कोड एक आणि मर्ज झालेला दुसरा, अशी गत होते.

देवनागरी मजकुरात ओळीची लांबी हा वेगळा प्रश्न असतो. ‘धाराशिव’ डोळ्यांना 4 अक्षरे दिसते. युनिकोडच्या हिशेबात काना आणि वेलांटी धरून ते 7 चिन्हांचे होते, आणि यूटीएफ-8मध्ये 21 बाइटचे. साधन यांपैकी काय मोजते, त्यावर ओळ कुठे मोडेल हे ठरते. आवृत्ती सगळ्यांकडे एकच हवी, ती यासाठीही.

फॉरमॅटरला अर्थ मात्र कळत नाही. ‘धाराशिव’नंतरचा स्वल्पविराम त्याने स्वतःहून घातला नसता. ते काम चाचणीचे. त्या प्रकल्पाच्या बिल्डमध्ये मांडणीच्या तपासणीनंतर आता एक छोटी चाचणी चालते: धाराशिव जिल्ह्याचे तालुके 8 भरले पाहिजेत.