कुंपणानेच हवा खाल्ली



आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर, गाडीपाशी येऊ या. गेल्या वाढदिवसाला मुलाने मला चार छोट्या टोप्या आणून दिल्या. टायरमध्ये हवा भरतात त्या व्हॉल्व्हवर साधं काळं झाकण असतं ना, त्याच्या जागी या बसवायच्या. वर हरभऱ्याएवढी काच. हवा पुरेशी असेल तर तिच्यातून हिरवा रंग दिसतो, कमी झाली की पिवळा, फारच कमी झाली की लाल. "आई, आता गेज घेऊन वाकत बसू नकोस. हिरवं आहे का बघ आणि नीघ," असं तो म्हणाला.

माझे गुडघे दुखतात, त्यामुळे भेट फारच आवडली. यांनी आणलेला प्रेशर गेज डॅशबोर्डच्या खणात गेला तो तिथेच राहिला. पाच महिने मी नुसते हिरवे ठिपके पाहून गाडी काढत होते.

मग एका रविवारी सासूबाईंना कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला घेऊन निघाले. सांगलीहून निघताना तीन टोप्या पाहिल्या, तिन्ही हिरव्या. चौथी, मागची डावी, भिंतीच्या बाजूला होती. तिकडे जायला जागा नव्हती, आणि आदल्या संध्याकाळी ती हिरवीच दिसली होती. जयसिंगपूरला सासूबाईंच्या बहिणीला घ्यायला थांबलो. दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर बसत असताना माझं लक्ष खाली गेलं, तर ती टोपी लालभडक.

जवळच पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या दादांनी गेज लावला. हवा २१. माझ्या गाडीला ३३ लागते. मी म्हटलं, पंक्चरच असणार. त्यांनी चाक काढायच्या आधी साबणाचं पाणी लावलं. टायरवर कुठेच काही नाही, पण टोपीच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. टोपी काढून नुसत्या व्हॉल्व्हवर पाणी लावलं, तर एकही बुडबुडा नाही. "ताई, टायर चांगलाय. ही टोपीच हवा खातीय," ते म्हणाले. राखण करायला ठेवलेल्या कुंपणानेच शेत खाल्लं होतं!

त्यांनी समजावलं ते असं. साधं झाकण हवा अडवत नाही. हवा अडवते ती व्हॉल्व्हमधली पिन, झाकण फक्त धूळ-पाणी बाहेर ठेवतं. रंग दाखवणाऱ्या टोपीला मात्र दाब कळायला हवा, म्हणून ती पिन सतत दाबून धरते. व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा टोपीत येते, आणि मग सगळी भिस्त टोपीतल्या इवल्याशा रबरी वायसरवर. वायसर कडक झालं की हवा चालली.

मी म्हटलं, निदान तिने लाल होऊन सांगितलं तरी. खरा धक्का पुढेच होता. दादांनी बाकीची चाकंही तपासली. पुढच्या उजव्या चाकावर हिरवी टोपी, आणि हवा २६. तेही चालून तापलेल्या टायरची, म्हणजे थंड असताना त्याहून कमीच. त्यांनी ती टोपी माझ्या तळहातावर ठेवली. टायरवरून काढलेल्या टोपीत हवा कुठली? ती लाल व्हायला हवी होती. पण ती हातातही हिरवीच! आतली दांडी धुळीने अडकून बसली होती. किती दिवस, कोण जाणे.

माझ्या पोटात गोळा आला. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दबतात, टायर तापतो, आणि वेगात असताना फुटूही शकतो. त्या हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर मी दोघी ऐंशीच्या बायकांना घेऊन हायवेला लागले होते.

सासूबाई मागून शांतपणे म्हणाल्या, "अगं, गाळणं आहे म्हणून पाणी गाळलं असं होत नाही. गाळणं फाटलंय का, ते आधी उजेडात धरून बघावं लागतं." रोज सकाळी मी तेच करते. गाडीच्या बाबतीत सुचलं नाही.

म्हणून माझा अनुभव सांगते. या टोप्यांच्या लाल रंगावर विश्वास ठेवा, हिरव्यावर नको. लाल दिसलं तर थांबाच. हिरवं म्हणजे मात्र सगळं ठीक, असं नाही. शिवाय टोपी एकाच ठरलेल्या दाबासाठी बनवलेली असते. पुढच्या-मागच्या चाकांची हवा वेगळी असेल, गाडी भरलेली असेल, तर तिला ते कळत नाही. गाडीतच बसवलेले दिवेही उशिराच बोलतात. अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, पण तिथला नियमही दाब २५ टक्के घसरला की दिवा लागावा, एवढंच मागतो. म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

टायर चांगला असला तरी महिन्याला १ पीएसआयच्या आसपास हवा आपोआप जाते. थंडी पडली की आणखी उतरते. आपल्या गाडीला किती हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना गेज लावायचा. स्टेपनी विसरायची नाही.

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो हिरमुसला. "आवडल्या नव्हत्या का तुला?" म्हटलं, "फार आवडल्या होत्या रे, म्हणून तर बघणं सोडलं."

आता चारही चाकांवर पुन्हा साधी काळी झाकणं आहेत. पंधरा दिवसांनी आठवण कशी राहणार, हा प्रश्न होता. तोही सुटला. चतुर्दशी आपण विसरत नाही ना? त्या सकाळी मंदिरात जाण्याआधी चार चाकांपाशी वाकते. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत.

जय जिनेंद्र.