बिंदुसरेच्या काठी रमजान

मांजरसुंबा सोडून एसटी घाट उतरू लागली की बालाघाटाचे बोडके माथे मागे पडत जातात. मार्चमध्ये या उतारांवरच्या सीताफळींवर पान उरत नाही. पालीपाशी बिंदुसरा धरण दिसतं. पाणी काठापासून बरंच आत सरलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या गाळात गुरं हिंडत असतात. तिथून पुढे खजाना विहीर, मग बीड. माझ्या शेजारच्या बाकावर डोक्यावर टोपी घातलेले एक आजोबा होते. मांडीवर नातू, नातवाच्या हातात पाण्याची बाटली. उन्हाने माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी ती बाटली पुढे केली. "घ्या की. माझा रोजा आहे, तुमचा थोडाच आहे?"

ते २०२४ साल होतं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागून मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून बीडला रुजू व्हायला निघाले होते आणि रमजान नुकताच सुरू झाला होता. मी राजापूरकडची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे सातशेची खात्री नाही. आधीच्या ऑक्टोबरात शासनाने चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत या जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. निघताना आई म्हणाली होती, "परदेशातच चाललीस गो."

तिचं म्हणणं इतिहासाला धरूनच होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथलं टपाल वेगळं, हाली शिक्क्याचं चलन वेगळं, दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. मुंबई इलाख्यातल्या राजापूरच्या माणसाला बीड म्हणजे दुसरंच राज्य होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात आजही बीडची नेमणूक म्हणजे शिक्षा, असं सर्रास बोललं जातं. निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांनी मला दुष्काळ, मारामाऱ्या आणि ऊसतोड एवढंच सांगितलं होतं. मला त्या बोलण्याचा आता राग येतो, कारण त्यातल्या कोणी हे शहर पाहिलेलं नव्हतं.

खोली मिळाली ती जुन्या शहरात, कारंज्याच्या बाजूला. घरमालकीण काकूंनी सामान ठेवायच्या आधी मला मोरीतलं पिंप दाखवलं. "नळाला रोज पाणी नसतंय. आलं की भरायचं, भांडं रिकामं ठिवायचं नाही. आन् पहाटे आवाज झाला तर घाबरू नका, सहरीला उठवत्यात." खरंच, रात्र सरायच्या आधी गल्लीत हाका सुरू झाल्या. मग भांड्यांचे आवाज, तव्यावर पोळी फुगल्याचा वास, पलीकडच्या घरातली लहान मुलांची कुरकुर. काकूंच्या घरी रोजा नव्हता, तरी त्या त्याच वेळेला उठत. गल्ली जागी असताना झोपून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात मीही उठू लागले आणि त्या वेळात पाठाची टाचणं काढू लागले.

शाळा शहराबाहेरच्या गावात. उन्हामुळे सकाळची शाळा भरत होती, ते माझ्यासारख्या नवख्या माणसाच्या पथ्यावर पडलं. इंग्रजी हा विषय मुलांना परका होता आणि मीही परकी होते. हजेरी घेताना माझ्या कोकणी हेलाला मुली हसायच्या, मला त्यांचं "करायलाव", "बोलायलाव" कानावर बसायला वेळ लागला. आठवीच्या वर्गाला मी आपल्या दिवसावर दहा वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगितली. एका मुलीने लिहिलं, ती पहाटे उठते, दादीला चहा देते, घड्याळाकडे बघत शेवटचा पेला पिते आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा विचार करत नाही. व्याकरणाच्या चुका होत्या. मी त्यांच्यावर लाल पेन चालवलं नाही, वाक्यं फळ्यावर लिहून घेतली आणि सगळ्या वर्गाने मिळून ती दुरुस्त केली.

दुसऱ्या एका मुलाच्या वहीत रोजा नव्हता. तो आजीजवळ राहत होता. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता, टोळीबरोबर कारखान्यावर जायचं आणि हंगाम संपून पट्टा पडला की परतायचं, असं या जिल्ह्यातल्या हजारो घरांचं वर्ष चालतं. बरीच मुलं आईबापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. त्या मुलाच्या दहापैकी सहा वाक्यांचा विषय एकच होता: ते येतील, आई येईल, वडील येतील. भविष्यकाळ त्याने एकदाही चुकवला नव्हता. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, टाकीचा नळ सोडून रोजेदार मुलं लांबच्या झाडाखाली बसत आणि बाकीची मुलं नळापाशी खिदळायचं टाळत. त्यांना हे कोणी शिकवल्याचं मला दिसलं नाही.

दुपारनंतर मी शहर बघत फिरायचे. किल्ल्यातली जामा मशीद जहांगीराच्या काळातली. तीन मोठे घुमट आणि चार मिनार लांबून ओळखू येतात. बलभीम चौकातून राजुरी वेशीकडे जावं तर संध्याकाळी चालायला वाट नसते. खजुराचे ढीग, कापलेली कलिंगडं, भज्यांच्या कढया, बर्फाच्या लाद्या, शेवयांची गठुडी. आणि या सगळ्यात उभा असलेला माणूस कशालाही तोंड लावत नाही. पावणेसातच्या सुमाराला भोंगा वाजतो आणि रस्ता एकदम मोकळा होतो. पहिल्यांदा इफ्तारला मला आमच्या शाळेतल्या हिंदीच्या मॅडमनी घरी नेलं. त्यांच्या सासूबाईंनी खजूर आधी माझ्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला. मी संकोचले तर म्हणाल्या, "बेटी, पाहुण्याच्या आधी कसं खायचं?"

हे शहर बाहेरून आलेल्या माणसांना सामावून घेत आलं आहे. पूर्वेच्या उंचवट्यावर शहेनशाहवली यांचा दर्गा आहे. चिश्ती परंपरेतले हे सूफी चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात इथे आले आणि इथलेच झाले. तुघलकही या भागातून गेला. त्याचा पडलेला दात बीडजवळ पुरून त्यावर घुमट बांधल्याची नोंद इतिहासात आहे, आणि करजणीच्या डोंगरावर तो घुमट आजही दाखवतात. मला त्या बादशहाच्या दातापेक्षा मन्सूरशाहांची गोष्ट जवळची वाटते. हे सूफी बीडचे, आणि महादजी शिंदे त्यांचे भक्त. १७६१ मध्ये पानिपतावर महादजी पायाला जबर जखम होऊन पडले, तेव्हा राणेखान नावाच्या एका भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. उत्तर हिंदुस्थानाचं राजकारण ज्याने हलवलं, त्या माणसाचा जीव पाणी वाहणाऱ्याने वाचवला आणि त्याचं मन बीडच्या फकिराच्या पायाशी होतं. दर्ग्याच्या पायरीवर एका संध्याकाळी मी हे वर्गातल्या दोन मुलींना सांगितलं. त्यांना महादजी पाठ्यपुस्तकातून माहीत होते. ते आपल्या गावाचे कोणी लागतात हे माहीत नव्हतं.

निजामाच्या काळात बीडच्या चामडी छागला आणि गुप्त्या नावाजलेल्या होत्या. गुप्ती ज्याला हवी त्याला असो. मला कौतुक छागलेचं. उन्हात लांब जाणाऱ्या माणसाचं पाणी गार राखणारी वस्तू नेमकी याच गावाने चांगली करावी, हे समजण्यासारखं आहे.

खजाना विहिरीला मी एका रविवारी सकाळी गेले. सोलापूर-धुळे रस्त्यालगत, शहरापासून सहाएक किलोमीटरवर. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. वरून पाहिलं तर घडीव दगडांचं मोठं गोल बांधकाम, आत उतरलं की थंडावा. पण खरं काम डोळ्यांना दिसत नाही, ते जमिनीखाली आहे. भुयारी वाटांनीच पाणी विहिरीत येतं आणि पुढे निघून बलगुजारच्या शेतांना मिळतं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. जमिनीचा उतार अचूक मोजून पाणी आपल्या पायाने चालत शेतापर्यंत जाईल अशी सोय चारशे वर्षांपूर्वी केलेली. दुष्काळातही हिचं पाणी हटत नाही, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. कोकणात आम्ही पाटाचं पाणी डोंगरातून आणतो, पण तिथे डोंगर आणि पाऊस दोघेही आपल्या बाजूने असतात. इथे दोघांपैकी कोणीच नव्हतं, आणि तरीही हे उभं राहिलं. या विहिरीला जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी आणायला हवं, पाठ्यपुस्तकात तिच्यावर धडा हवा, असं मला मनापासून वाटतं.

कंकालेश्वराचं मंदिरही पाण्यातच उभं आहे. चौकोनी तळ्याच्या मध्यभागी कोरीव देऊळ, जायला एक अरुंद वाट. खाली पाण्यात खांबांवरच्या मूर्तींची प्रतिबिंबं. आणि धरणापाशी दिसलेली हीच बिंदुसरा नदी, उन्हाळ्यात जिच्या पात्रातून चालत जाता येतं, १९८९ च्या जुलैत पूर घेऊन शहरात शिरली होती. काकूंना तो दिवस आठवतो. त्याबद्दल त्या फार बोलत नाहीत.

काकूंच्या सासऱ्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. घराणं वारकरी, रोजचा हरिपाठ, आणि गणित-भूगोल उर्दूत. संस्थानात वरच्या शिक्षणाचं माध्यम तेच होतं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. काकूंनी जपून ठेवलेला जमिनीचा एक कागद घरात कोणालाच वाचता येत नव्हता. त्या वर्षी मराठा आरक्षणासाठीच्या कुणबी नोंदींच्या शोधात निजामकाळातली उर्दू आणि मोडी दफ्तरं बाहेर निघत होती, त्यामुळे प्रत्येक घरात जुन्या कागदांची उलथापालथ चालली होती. आमच्या हिंदीच्या मॅडमच्या सासूबाईंनी तो कागद इफ्तारनंतर चष्मा लावून वाचून दाखवला. सर्व्हे नंबर, बांधाच्या चारही बाजूंची नावं, विहिरीतला हिस्सा. विहिरीतला हिस्सा ऐकून काकू म्हणाल्या, "हेच तर पाहिजे होतं."

मग अंबाजोगाई. तिथे जायचं ठरवलं ते एका शिक्षकासाठी. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ मध्ये या गावी आले. तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि हैदराबादच्या फौजेची छावणी म्हणून ते ओळखलं जाई. योगेश्वरी शाळेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना शिकवणं हेच तेव्हा धाडस होतं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, पण मराठवाड्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं उरली, आणि दहा वर्षांनी संस्थान मुक्त झालं त्यात त्या पोरांचा मोठा वाटा होता. मुकुंदराजांची समाधी पाहिली. ११८८ मध्ये मराठीत विवेकसिंधु लिहिणाऱ्याचं स्थान म्हणून तिथे लोक येतात. संतकवी दासोपंतांचंही गाव हेच. त्यांची लिहिण्याची हौस तर कागदावर भागली नाही. त्यांची पासोडी लांबलचक कापडावर लिहिलेली आहे. योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. गाडीत रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा कंडक्टरने दोन मिनिटं गाडी कडेला घ्यायला लावली.

९ एप्रिलला पाडवा होता. रोजे संपत आलेले. गल्लीत काकूंची गुढी उभी राहिली, साखरेच्या गाठ्या शेजारच्या घरी गेल्या आणि तिथल्या मुलांनी त्या संध्याकाळपर्यंत जपून ठेवल्या. ११ तारखेला ईद झाली. ईदगाहवरून लोक परतू लागले आणि दुपारपर्यंत माझ्याकडे शीरखुर्म्याच्या इतक्या वाट्या आल्या की काकूंनी पातेलं दिलं. शाळेतल्या मुली नव्या कपड्यांत आल्या, ईदी मागितली, आणि मी इंग्रजीत मागा म्हटल्यावर तशीही त्यांनी मागितली.

ईदनंतर शाळा उघडली तेव्हा ऊसतोडीहून परतलेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर गावात दिसू लागले होते. वहीत सहा वेळा "येतील" लिहिणारा मुलगा त्या दिवशी वडिलांना घेऊन आला. उन्हाने रापलेला माणूस, हातावर कोयत्याचे व्रण. वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, औंदा ह्याला फडावर न्यायचा नाही. आजीचं वय झालंय. तुम्ही हिथंच राहणार ना?"

मी राहणार म्हटलं. मग आम्ही तिघं मुख्याध्यापकांकडे गेलो आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी केली. टोळ्या दसऱ्याच्या सुमाराला निघतात. त्याआधी यादी व्हायला हवी, नाव त्यात असायला हवं, आणि जेवण-पाण्याची सोय कोण बघणार हे आधीच ठरायला हवं.